कानबाईपुढचा नाच

ज्या श्रावणात आमच्या घरी कानबाई बसली, त्या श्रावणात मी अकरावीत होते आणि माझ्याकडे फोन नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळ्यांनी सगळा दोष फोनला दिला आणि फोनवरून तो घसरत घसरत माझ्यावर आला. घरात एकच चांगला फोन होता, तो आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. दिवसभर तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा आणि संध्याकाळी ओट्यावर बसून ते त्यात मिरचीचे भाव बघायचे. मला तो कॉलेजच्या नोट्स उतरवून घेण्यापुरता मिळायचा, तोही माय समोर भाजी निवडत बसलेली असताना. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, पण नजर मात्र माझ्या बोटांवर असायची.

आमचं गाव धानोऱ्याच्या जवळचं. धानोऱ्यापर्यंत पायी जायचं आणि तिथून नंदुरबारची बस धरायची. सायन्सला जाणारी गावातली त्या वर्षीची मी एकटीच मुलगी. मला नर्स व्हायचं होतं. का, ते आता नीट आठवत नाही. बहुधा मायला एकदा सलाईन लावलं होतं तेव्हा तिथल्या नर्सचा हात थरथरला नव्हता, एवढंच कारण असावं. आप्पांना ते इतकं आवडलं होतं की मिरची मार्केटमध्ये हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत ज्याला त्याला ते सांगायचे, "मन्ही जागू नर्स व्हई." माझं पूर्ण नाव जागृती, पण ते फक्त हजेरीपुरतं होतं.

कानबाई ही आमच्या भाऊबंदांची देवी, आणि तिच्या रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या स्वयंपाकाचा, नेम कडक. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे आणि त्याचाच स्वयंपाक करायचा. मुलींच्या नावाची मूठ का निघत नाही, हे मी लहानपणी मायला विचारलं होतं तर तिने मला पीठ चाळायला बसवलं होतं. खापरावर पुरणाचे मांडे व्हायचे. माय दोन्ही हातांवर तो मांडा खेळवत खेळवत एवढा मोठा करायची की तो तिच्या कोपरांवर लोंबायचा, आणि मग झटक्यात खापरावर. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, कटाची आमटी, खीर. धुराने डोळे लाल झालेल्या काकू, खलबत्त्याचा आवाज, आणि मध्येच कुणीतरी कानबाईचं गाणं उचलायचं ते पार मागच्या वाड्यापर्यंत जायचं. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. आमच्याकडे त्यातला घास शेजाऱ्याच्या पोराच्या हातावरसुद्धा ठेवत नाहीत. उरलं तर आपणच दुसऱ्या दिवशी खायचं, तिसऱ्या दिवशी खायचं, पण घराबाहेर जाऊ द्यायचं नाही.

सुरत, नवापूर, शहादा, जिथे जिथे पोटासाठी भाऊबंद पांगले होते तिथून सगळे यायचे. त्यांना निरोप द्यायला आप्पांनी फोनवर एक ग्रुप केला होता. आधी त्यासाठी एक माणूस फिरायचा. आप्पांना त्या ग्रुपचा फार अभिमान होता, कारण तो त्यांनी स्वतः, माझ्या मदतीने का होईना, तयार केला होता आणि भाऊबंदांतलं कुणीही त्यातून सुटलेलं नव्हतं.

रात्रभर जागरण झालं आणि सकाळी कानबाईला नदीवर विसर्जनाला न्यायला निघालो. पुढे बँड, मागे डोक्यावर कानबाई घेतलेली मोठी माय, म्हणजे आप्पांच्या थोरल्या भावाची बायको, आणि मध्ये आम्ही सगळ्या. त्या दिवशी आमच्याकडे बाया नाचतात. एरवी सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या बाया भर गल्लीत फुगड्या घालतात आणि सासरा बाजूला उभा राहून कौतुकाने बघतो. मी हिरवा परकर-पोलकं घातलं होतं, मायच्या जुन्या साडीचं शिवलेलं. किती नाचले कोण जाणे. पाय माझे राहिलेच नव्हते. बँडवाला पुढे सरकायला तयार नव्हता, इतकी गंमत आली होती. आप्पांनी खिशातून नोट काढली, माझ्यावरून ओवाळली आणि बँडवाल्याला दिली. सगळ्या गावादेखत दिली. तो क्षण माझ्या तेव्हाच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा होता, हे लिहायला मला आजही संकोच वाटत नाही.

नंतरच्या आठवड्यात बसमध्ये बसले तर मागच्या सीटवरची कॉलेजची पोरं एकदम गप्प झाली. पोरं गप्प झाली की समजावं काहीतरी बिनसलंय. कॉलेजच्या दारात माझी मैत्रीण भावना भेटली, तिने मला ओढत मुलींच्या खोलीत नेलं आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. त्यात मी होते. तीच गल्ली, तोच हिरवा परकर. पण खाली गाणं वेगळंच. कानबाईचं गाणं काढून कुणीतरी एक घाणेरडं हिंदी गाणं बसवलं होतं, आणि माझे पाय त्या गाण्यावर पडताहेत असं दिसत होतं. वर काहीतरी लिहिलेलं. खाली ज्यांची नावं मी जन्मात ऐकली नव्हती असे पुरुष माझ्याविषयी बोलत होते. कुठले कुठले, कोणत्या गावचे, देव जाणे. एकाने लिहिलं होतं ते वाचून मला पहिल्यांदा कळलं की माझ्या शरीराविषयी असंही बोलता येतं. मी फोन भावनाला परत दिला आणि तासाला जाऊन बसले. त्या तासाला काय शिकवलं ते मला विचारू नका.

घरी मी सांगितलं नाही. सांगायला लागलंच नाही. दोन दिवसांनी धानोऱ्याच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी आप्पांना म्हणालं की तुमच्या पोरीचा व्हिडिओ फिरतोय. त्याने दाखवायला फोन पुढे केला, पण आप्पा उठून घरी आले. ते ओट्यावर बसले ते चपलाही न काढता. मायने पाणी दिलं ते तसंच राहिलं. मग पंकजदादाला बोलावणं गेलं. पंकजदादा म्हणजे मोठेबाबांचा, आप्पांच्या थोरल्या भावाचा मुलगा. तो नंदुरबारला मोबाइलच्या दुकानात कामाला होता आणि आमच्या घरातला त्या विषयातला शेवटचा शब्द त्याचा. त्याने बघून सांगितलं की हा मुळात बँडवाल्याने टाकलेला आहे, लग्नाच्या सुपाऱ्या मिळाव्या म्हणून. त्याच्यावरून दुसऱ्या कुणी उचलला आणि गाणं बदललं. यावर उपाय एकच, पुष्कळ लोकांनी तक्रार केली तर कंपनी काढून टाकते. पुष्कळ म्हणजे किती, हे त्यालाही माहीत नव्हतं.

पुष्कळ लोक. आप्पांच्या डोक्यात पुष्कळ लोक म्हटल्यावर जे आलं तेच आमच्या इथल्या कुठल्याही माणसाच्या डोक्यात आलं असतं. विहिरीत बैल पडला, शेताच्या बांधावरून भांडण झालं, कुणाचं लग्न मोडलं, की आमच्याकडे आधी भाऊबंद गोळा करतात. त्यांनी पंकजदादाकडून त्या व्हिडिओची लिंक आपल्या फोनवर घेतली आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकली. बरोबर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला. तो आवाज मला पाठ आहे: "आपली जागूना व्हिडिओ कोनीतरी टाका. सगळा भाऊबंदेसनी तक्रार करा, म्हंजे तो निंघी जाई. घरनी गोट घरमाच ऱ्हावाले पाह्यजे."

पंकजदादा तेव्हा अंगणात मोटारसायकल सुरू करत होता. त्याला कळेपर्यंत व्हिडिओ सुरतेला पोचला होता.

भाऊबंदांनी मनापासून मदत केली, हेच तर दुःख. ज्यांनी बघितला नव्हता त्यांनी तक्रार करायची म्हणून बघितला. तक्रार कुठे करायची ते बहुतेकांना सापडलं नाही, तेव्हा समोर जो अंगठा दिसला तो त्यांनी दाबला. मोठेबाबांनी तर आप्पांना आवर्जून सांगितलं, "मी बी आंगठा दिना, तुन्ही वहिनीनी बी दिना." त्यांच्या लेखी अंगठा दिला म्हणजे अर्जावर सही झाली. आप्पांची बहीण, आमची सुरतेची फुई, तिने आपल्या सासरच्या मंडळींना पाठवला, त्यांनीही तक्रार करावी म्हणून. कुणी सुनेच्या माहेरी पाठवला, कुणी व्याह्यांना. जितके जास्त लोक तितका लवकर निघेल, हा हिशेब सगळ्यांना बिनचूक पटला होता. ज्या ॲपवर तो होता तिथे तो जितका बघितला जाईल तितका वर येतो, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाला ठाऊक असणार? आठवडाभरात मिरची मार्केटमध्ये आप्पांना लोक विचारू लागले, आणि ते विचारणारे सगळे सहानुभूतीने विचारायचे.

पंकजदादाने रीतसर तक्रार केली होती तिचं उत्तर आलं. तो ते घेऊन संध्याकाळी घरी आला. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात उभे. त्याने वाचलं की तुमची तक्रार आम्ही तपासली, या व्हिडिओत आमच्या नियमांविरुद्ध काही आढळलं नाही. आप्पांनी त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे त्यासनं म्हननं शे का यामा काहीच वाईट नही?" पंकजदादा हो म्हणाला. आप्पा भयंकर संतापले. कंपनीला शिव्या घातल्या, पंकजदादाला घातल्या, आणि शेवटी मी कॉलेजला जाते म्हणून मलाही.

मला त्या उत्तराचं हसू येतं, ते कडू हसू. त्या सगळ्या महिन्यात माझ्या नाचात वाईट काही नाही असं स्पष्ट सांगणारं मायखेरीज एकच कुणी निघालं, आणि ते कुठल्या तरी परदेशातलं एक मशीन होतं. त्याला मी माहीत नव्हते, आमचं गाव माहीत नव्हतं, कानबाई माहीत नव्हती. बरं, त्याचं म्हणणं खरंही होतं. अंगभर कपडे घातलेली एक मुलगी सणाला नाचते आहे, यात नियमाविरुद्ध काय सापडणार? घाण होती ती गाण्यात, खाली लिहिणाऱ्यांत, आणि ती तपासायची तसदी त्या मशीनने घेतली नाही.

आम्ही नंदुरबारला पोलिसांतही गेलो. तिथला हवालदार बरा माणूस होता. मला बसायला खुर्ची दिली. त्याने बँडवाल्याला फोन लावला, तो त्याच संध्याकाळी आमच्या घरी आला आणि रडवेला होऊन आप्पांच्या पाया पडला. त्याने त्याच्याकडचा काढून टाकला. पण जो फिरत होता तो त्याचा नव्हताच. हवालदार म्हणाला की कंपनीला लिहितो, वेळ लागेल. खाली वाईट लिहिणाऱ्यांची नावं खरी की खोटी तेही सांगता येणार नाही. मग आवाज खाली आणून आप्पांना म्हणाला की तुम्ही तो आणखी कुणाला पाठवू नका.

माझं कॉलेज थोडे दिवस बंद करायचं ठरलं. कुणी ठरवलं ते सांगता येत नाही. फुईचा फोन आला, काकू येऊन बसून गेल्या, मोठेबाबा म्हणाले की पोरीची जात, चार दिवस घरी राहू दे, लोक विसरतील. वाईट असं कुणीच बोललं नाही. सगळे माझ्या भल्याचं बोलले आणि माझी बॅग खुंटीला लागली. बायोलॉजीच्या मॅडमचा फोन आला होता, त्या आप्पांशी खूप वेळ बोलल्या. आप्पा सगळ्याला हो हो म्हणत राहिले आणि फोन ठेवून दिला. मायच तेवढी एकदा तडकली. भाकरी थापता थापता मोठेबाबांच्या देखत म्हणाली, "पोर नाचनी तवय आख्खं गाव नाची ऱ्हायंतं. मंग घरमा एकली पोरच काब्र?" मोठेबाबा उठून गेले.

परवा पंकजदादाची मुलगी माझ्याकडे आली होती. ती सातवीत आहे. शाळेत निबंध दिलाय, सोशल मीडिया शाप की वरदान, आणि तिला माझ्याकडून मुद्दे हवे होते. मी म्हटलं, तुझे मुद्दे काय आहेत? तिने शापाचे सगळे मुद्दे घडाघडा सांगितले आणि मग आरशापुढे उभी राहून मैत्रिणींसाठी व्हिडिओ काढायला लागली. त्या ॲपला मी निर्दोष म्हणत नाही. माझ्या पायांखालचं गाणं बदलता येईल अशी सोय त्याने करून ठेवली, आणि एकदा बघितलेल्याला तेच पुन्हा पुन्हा आणून दाखवलं, हे त्याचंच काम. पण माझं कॉलेज त्याने सोडवलं नाही. ते माझ्यावर जीव टाकणाऱ्या माणसांनी सोडवलं. निबंधात हे कुठल्या बाजूला लिहायचं, ते मला त्या पोरीला सांगता आलं नाही. शेवटी मी तिला शापाचेच मुद्दे लिही म्हटलं. मार्क तरी मिळतील.

त्या वर्षी थोडे दिवस म्हणता म्हणता दिवाळी गेली. मी मायबरोबर मिरची तोडायला जाऊ लागले. लाल मिरचीचा तोडा सुरू झाला की हातांची नुसती आग होते, रात्री झोपताना हात पाण्यात घालून बसावं लागतं, आणि चुकून डोळ्याला लागला तर विचारूच नका. मला ते काम नकोसं नव्हतं. डोक्यात काही येत नसे. बसचा आवाज मात्र शेतात यायचा. सकाळची नंदुरबारची बस रस्त्याच्या वळणावर हॉर्न द्यायची आणि मी मान वर करायची नाही. कॉलेजमध्ये हजेरीचा प्रश्न येईल असा भावनाचा निरोप आला होता. या महिन्यात गेले नाही तर वर्ष जाणार, हे मला माहीत होतं, मायला माहीत होतं, आप्पांनाही मी सांगितलं होतं. ते ऐकून घ्यायचे.

एके दिवशी दुपारी बाया जेवायला पलीकडच्या झाडाखाली गेल्या होत्या, मी पोत्यांजवळ बसले होते. आप्पा आले, माझ्यासमोर बसले. त्यांनी फोन काढून माझ्यापुढे धरला.

"तो व्हिडिओ माले दखाड," म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "तुम्हीन अजून दखाच नही का?"

"कसा दखू? बाप दखस का?"

त्यांनी तो बघितलाच नव्हता. इतक्या लोकांना पाठवला, त्यासाठी पोलिसांत गेले, कंपनीला शिव्या घातल्या, माझं कॉलेज बंद केलं, आणि स्वतः एकदाही उघडला नव्हता. बघायची हिंमत झाली नव्हती. लोकांच्या बोलण्यावरून त्यांनी मनात काय काय रंगवलं असेल, त्याची मला त्या क्षणी कल्पना आली. मी हात ओढणीला पुसले, ग्रुपमध्ये मागे मागे जाऊन तो काढला, आवाज पूर्ण बंद केला आणि लावून दिला. आप्पा फोन डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बघत होते. संपला तसा पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा बघताना त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला.

"हाई तं आपलीच गल्ली शे," ते म्हणाले. "तू नाचनी तशीच नाची ऱ्हायनी. यामा काय शे?"

"काहीच नही, आप्पा."

मला वाटलं, झालं. मी घाईने विचारलं, "मंग मी सोमवारपासून कॉलेजले जाऊ का?"

ते पोत्याच्या तोंडाची सुतळी बोटाला गुंडाळू लागले. मग म्हणाले, "मी नही कोठे म्हनस? पन ज्यासले मीच धाडं, त्यासले आते कसं सांगू, का यामा काहीच नव्हतं?"

आता इतक्या वर्षांनी, खासगीरीत्या बारावी देऊन, संसार मांडून, हे लिहायला बसले तरी त्यांचा तोच प्रश्न पुढे येतो. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारते आणि दर वेळी पुढचा विचार सोडून देते. झाडाखालच्या बाया उठून आमच्याकडे यायला लागल्या होत्या. आप्पांनी घाईने फोन माझ्या हातात दिला.

"हाऊ आपला ग्रुपमातून काढी टाक," म्हणाले.

मी तो व्हिडिओ दाबून धरला. इतक्या दिवसांनी काय होतं ते मला ठाऊक होतं; फक्त आपल्या फोनवरचाच पुसता येतो, बाकीच्यांकडे तो राहतोच. मी पुसला. आप्पा माझ्या बोटाकडे बघत होते.

"निंघना का?"

"निंघना."

"सगळासना?"

मी म्हटलं, "सगळासना, आप्पा." त्यांनी फोन खिशात ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बायांना पोती शिवायला सांगायला गेले.